दोन्ही पायांत उजवा जोडा

फार पूर्वी, म्हणजे जोड्याला डावा-उजवा असतो हे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा, एका डोंगरी राज्यात एक जोडे शिवणारी बाई राहत होती. हाताने चलाख आणि जिभेने त्याहून चलाख. तिचा नवरा राजाच्या पालखीचा भोई होता.

मुलांनो, हसू नका. त्या राज्यात दोन्ही जोडे खरंच अगदी एकसारखे असत. सरळसोट, लांबट, पुढे निमुळते. कुठलाही कुठल्याही पायात घालावा. पायांना मात्र देवाने डावा-उजवा दिलेला होताच, त्या राज्यातल्या पायांनासुद्धा. त्यामुळे तिथली माणसं सकाळी बरी चालत, दुपारी लंगडत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आपल्याच पायांना शिव्या घालत. जोड्याला कुणी शिवी घालत नसे. तसा तिथे कायदाच होता.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. अगदी सुरुवातीला सगळेच अनवाणी चालायचे. मग कुण्या बाईच्या टाचेत काटा मोडला आणि तिने पायाला झाडाची साल बांधली. साल चिखलात निसटून जायची, तेव्हा कुणीतरी अंगठा अडकवायला कातड्याचं कडं केलं. उतारावर टाच घसरायला लागली, म्हणून कुणी मागे पट्टा घातला. तळ झिजला म्हणून कुणी त्याखाली दुसरा तळ शिवला. थंडीने बोटं फुटली, तेव्हा कुणी वरून कातडं ओढून बंद जोडा केला. यांतल्या एकाचंही नाव आज कुणाला माहीत नाही. ही सगळी चालणारी माणसं होती, आणि चालणाऱ्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. पण एवढं ध्यानात असू द्या, की दरवेळी कुणाचा तरी पाय दुखला होता आणि दरवेळी माणसांनी जोडा बदलला होता.

मग त्या राज्यात एक राजा झाला, जो चालतच नसे.

तो पालखीतून उतरला तर गादीवर, आणि गादीवरून उठला तर पालखीत. त्याचे जोडे पायात कमी आणि मखमली उशीवर जास्त असत. उशीवर ठेवल्यावर दोन्ही सारखे दिसावेत म्हणून ते सारखेच शिवले गेले. पुढे राजा गेला, पण त्याच्या जोड्यांचा फर्मा राहिला. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय, ज्यावर कातडं ताणून जोडा शिवतात. तो फर्मा दरबारात चौरंगावर ठेवला गेला. खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू वाहायला लागले. आणि हुकूम निघाला, की राज्यातला प्रत्येक जोडा, लहान असो की मोठा, याच घडणीचा झाला पाहिजे. जो माणूस जन्मात चालला नाही त्याच्या जोड्यांत अख्खं राज्य चालायला लागलं. मला हे नुसतं सांगतानाही संताप येतो.

पुढच्या शहाण्यांनी त्याला कारणही शोधून काढलं. डावं ते अशुभ! घरात शिरताना उजवं पाऊल आधी टाकायचं, प्रसाद घ्यायचा तो उजव्या हातात. मग जोड्याला डावा-उजवा केला तर एक बिचारा जोडा जन्मभर डावाच राहणार. असला जोडा घालून माणसाने देवळाच्या पायरीपर्यंत तरी कसं जावं? त्यापेक्षा दोन्ही सारखे असलेले बरे, आणि रोज सकाळी त्यांची अदलाबदल करावी. काल डाव्या पायात होता तो आज उजव्या पायात. म्हणजे डावेपणा कुठल्याच जोड्याला चिकटत नाही. लोक उठल्यावर तोंड धूत आणि जोडे बदलत. एखादा जोडा जरा सैल होऊन पायावर बसायला लागला, की दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या पायात जाई आणि पुन्हा चावे.

ज्याला जोडा चावे त्याचा पाय वाईट ठरे. दरबाराच्या मागे पायदुरुस्तीची खोली होती आणि तिथे एक सरकारी माणूस बसे. लोक त्याला दुरुस्त्या म्हणत. तो कुरुपं तासायचा, घट्टे खरवडायचा, टाचा घासायचा. एवढं करूनही जो पाय ऐकत नसे त्याचं बोट कापायचा. कापून झालं की म्हणायचा, “बघ, आता कसा छान बसला जोडा!” आणि ज्याचं बोट गेलं तो वाकून त्याच्या पाया पडायचा.

पोळा नुकताच झाला होता. एका संध्याकाळी भोई लंगडत घरी आला आणि बायकोसमोर जोडा ठेवून बसला. जोडा बाहेरच्या बाजूने, करंगळीपाशी उसवला होता.

“परत तिथंच?” बाईने विचारलं.

“परत तिथंच. दुरुस्त्यानं बघितला. म्हनला, जोडा चांगला हाय, तुझ्या पायाची करंगळी बेशिस्त हाय. दसऱ्याच्या पालखीआधी काढून घे म्हनला. न्हाईतर पालखीला हात लावायचा न्हाई.”

“मग तुमी काय म्हनलासा?”

“मी काय म्हननार? व्हय म्हनलो.”

बाईने हातातली कातडं टोचायची आरी जमिनीत खुपसली. “व्हय म्हनलासा! जोडा मी शिवला, त्यो फाटला, आन बोट तुमचं कापायचं?”

“तुझं काय चुकलं त्यात? तू फर्म्यावरच शिवलायस की.”

“मग फर्मा वाईट हाय.”

भोयाने घाबरून दाराकडे बघितलं. “अगं, हळू बोल.”

“का हळू बोलू? बोट काय हळू कापनार हाईत?”

तिने चुलीतली राख उपसली, ओट्यावर पसरली आणि नवऱ्याला तीवर उभं केलं. तो बाजूला झाल्यावर ती खाली वाकून बघत बसली. राखेत दोन पावलं उमटली होती. आतून खोलगट, बाहेरून फुगीर, अंगठे शेजारीशेजारी. गप्पा मारायला बसलेल्या दोघी जावांसारखी ती एकमेकांकडे कललेली होती. एक दुसऱ्यासारखं मुळीच नव्हतं. बाईने उभा जन्म जोडे शिवण्यात घालवला होता आणि एकदाही कुणाचा पाय नीट बघितला नव्हता. फर्मा असताना पाय कशाला बघायचा?

दुसरा फर्मा करायला सुताराकडे जावं तर गावभर बोभाटा झाला असता. म्हणून तिने नवऱ्याचाच फर्मा केला. भिजवलेलं कातडं त्याच्या दोन्ही पायांवर ताणून बांधलं आणि त्याला परसात उन्हात पाय पसरून बसवलं.

“किती येळ बसू?”

“वाळंपातूर.”

“आन मधीच बाहेर जायचं झालं तर?”

“धरून ठेवा.”

भोई बसला. शेजारची शेळी आली आणि ओलं कातडं चाटायला लागली. त्याला उठता येईना, तिला हाकलता येईना. संध्याकाळपर्यंत कातडं वाळलं आणि असं आवळलं, की बाईला ते रापीने कापून काढावं लागलं. भोई तेव्हा एवढा ओरडला, की शेजारणीला वाटलं दुरुस्त्या घरीच आलाय. दुसऱ्या वेळी बाईने शहाणपणा केला. आधी पायांना चिंध्या गुंडाळल्या आणि मग वरून कातडं बांधलं. वाळल्यावर चिंध्या काढल्या, तळ शिवले, कडा बसवल्या. एक जोडा डाव्या पायाचा झाला आणि एक उजव्या पायाचा.

भोयाने ते घातले आणि विहिरीपर्यंत जाऊन आला.

“कसं वाटतंय?” बाईने विचारलं.

“कायच वाटत न्हाई,” तो म्हणाला. “पायात काय हाय आसंच वाटत न्हाई.” आणि एवढा थोराड गडी, पालखीचा दांडा खांद्यावर पेलणारा, ओट्यावर बसून रडायला लागला.

आता सगळं राज्य लंगडत असताना एक माणूस न लंगडता चालला तर तो लपून कसा राहणार? बाकीच्या भोयांनी बघितलं, दुरुस्त्याने बघितलं, आणि नवरा-बायकोला दरबारात बोलावणं आलं.

कारभाऱ्याने ते जोडे काठीच्या टोकावर उचलून घेतले. “यातला डावा कुठला?”

“ह्यो,” बाई म्हणाली.

दरबारात एकच कुजबुज झाली. कुणी तोंडावर उपरणं धरलं. राजा गादीवर जरा मागे सरकला.

“म्हणजे हा उजव्या पायात जाणारच नाही?”

“न्हाई.”

“कधीच?”

“पाय बदलून आनला तर जाईल.”

कुणी हसलं नाही. राजाने भोयाला चालून दाखवायला सांगितलं. भोई दरबारभर फिरून आला. राजाने कौतुकाने मान हलवली. हा राजा काही दुष्ट नव्हता बरं का. आपल्या खापरपणजोबांसारखा तोही कधी चालला नव्हता, एवढंच. दुष्ट असता तर मला इतका राग आला नसता.

“चालतो तर छान,” राजा म्हणाला. “मग आता काय करायचं?”

कारभारी हुशार होता. असल्या माणसांच्या हुशारीनेच जगाचं वाटोळं होतं. तो हात जोडून म्हणाला, “महाराज, यातला उजवा जोडा उत्तम आहे, यात शंका नाही. दोष आहे तो डाव्यात. मग डावा करायचाच कशाला? दोन्ही उजवेच करावेत!”

दरबारात टाळ्या पडल्या.

“वा!” राजा म्हणाला. “म्हणजे दुप्पट शुभ.”

बाईला वाटलं ही थट्टा चाललीय. ती मोठ्याने हसली. मग तिच्या लक्षात आलं, की दरबारात हसणारी ती एकटीच आहे.

“अवं, डाव्या पायात उजवा जोडा घातला तर अंगठा चेंगरंल की!” ती म्हणाली. “त्या अंगाला जोडा निमुळता असतोय. हाय त्याच्यापरीस वाईट व्हईल.”

“त्यासाठी पायदुरुस्ती आहे,” कारभारी म्हणाला. “दसऱ्याच्या आत सगळ्या भोयांना आणि जमेल तेवढ्या गावाला दोन्ही उजवे शिवून दे. दरबारातून तुला लुगडं मिळेल. आणि तुझ्या नवऱ्याच्या करंगळीची शिक्षा माफ.”

बाईने नवऱ्याच्या पायाकडे बघितलं. करंगळी होती तिथेच होती, छोटीशी, जरा वाकडी. नवरा मान खाली घालून उभा होता.

“करते,” बाई म्हणाली.

इथे मुलं मला विचारतात, ती नाही का म्हणाली नाही? कारण तिला नवऱ्याचं बोट वाचवायचं होतं. तुमच्या घरातलं बोट असतं तर तुम्हीही तेच केलं असतं आणि मीही. पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. दरबाराला कळत नव्हतं. हिला कळत होतं, स्वच्छ कळत होतं, आणि तरीही तिने ‘करते’ म्हटलं. मला दरबारापेक्षा तिचाच राग जास्त येतो.

तिने जोडे शिवले. बाकीच्या शिवणाऱ्यांनाही शिकवले. बघता बघता सगळ्या राज्याच्या दोन्ही पायांत उजवे जोडे आले. लोकांचे उजवे पाय एकदम सुखावले आणि त्या सुखाची गावभर वाहवा झाली. दरबारात भाषणं झाली, की राज्यातले निम्मे पाय आता सुखी आहेत. उरलेल्या निम्म्या पायांचं काय चाललंय हे बोलायला कुणी तयार नव्हतं. डावा अंगठा जोड्याच्या बारीक बाजूला चेंगरायचा, नख काळं पडायचं, मग सुजायचं, मग सडायचं. पायदुरुस्तीपुढची रांग दरबाराला वळसा घालून पार पाणवठ्यापर्यंत गेली. आणि लोक तरी काय बोलत होते! “उजवा पाय बघा कसा शहाण्यासारखा वागतोय. डावा मुळातच पापी.” जोडा तोच, शिवणारी तीच, आणि पापी कोण, तर पाय.

बाईने नवऱ्याला मात्र खरा डावा जोडा शिवला होता. वरून कातड्याची जादा पट्टी लावून तो लांबून उजव्यासारखा दिसेल असा केला होता. भोयाला तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पाय दुखत नव्हता, मग विचारतो कोण?

पालखीला त्याच्या बरोबरीने खांदा देणारा एक जोडीदार होता. शेजारच्याच घरातला, लहानपणापासूनचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भोई त्याच्याकडे गेला, तर तो डाव्या पायाला फडकं बांधून बसलेला. अंगठा गेला होता.

“माझा डावा पायच पापी निगाला बग,” जोडीदार म्हणाला. त्याला त्याची लाज वाटत होती. “तुझा बरा रं. पुन्यवान हाय तुझा पाय.”

भोई तसाच घरी आला. त्याने डाव्या पायातला जोडा काढला, वरची पट्टी ओढून तोडली आणि जोडा बायकोच्या पुढ्यात टाकला.

“माझी करंगळी राखलीस. आन त्याचा अंगठा कुनी घेतला?”

“दुरुस्त्यानं.”

“दुरुस्त्यानं सुरी चालवली. जोडा कुनी शिवला?”

बाई भडकली. चूक कळलेलं माणूस आधी भडकतंच. “मग काय करायचं हुतं मी? तुमचं बोट द्यायचं हुतं?”

“काय करायचं हुतं मला ठावं न्हाई,” भोई म्हणाला. “पर त्यो लंगडतोय आन मी मिरवतोय, हे मला जमायचं न्हाई.” त्याने कोपऱ्यातल्या ढिगातून दोन उजवे जोडे उचलले, पायात कोंबले आणि तो बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. राजा सीमोल्लंघनाला निघाला. पुढे ढोल-ताशे, मागे सगळा गाव, मधे पालखी. बाई घरीच राहिली. तिचं आरी, रापी, हातोडी असं सगळं सामान पाटावर मांडलेलं होतं, झेंडूची फुलं वाहिलेली होती. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, अशी तिच्या घरची रीत. ती बराच वेळ त्या पाटासमोर बसून राहिली. मग उठली, हळद-कुंकवासकट आरी उचलली आणि शिवून ठेवलेल्या उजव्या जोड्यांचा ढीग उसवायला बसली. गल्लीत जी म्हातारीकोतारी आणि कापलेल्या पायांची माणसं मागे राहिली होती त्यांना तिने दारातून हाक मारली, “या हिकडं. पाय दावा मला. दोन्ही दावा.”

तिकडे पालखी गडावरून उतरत होती. वाट दगडांची आणि उताराची. उतारावर चालताना सगळा भार पायाच्या अंगठ्यावर येतो, आणि पालखीच्या निम्म्या भोयांना डावा अंगठाच राहिला नव्हता. ज्यांना होता त्यांचा जोड्यात चेचला जात होता. पालखी एकदा इकडे कलली, एकदा तिकडे.

“नीट चाला रे!” राजा आतून ओरडला.

कारभारी घोड्यावर होता. “पाय वाईट आहेत मेल्यांचे,” तो म्हणाला. “महाराज, उद्या एकजात सगळ्यांना दुरुस्तीला पाठवतो.”

भोयाने ते ऐकलं. घरून निघताना त्याने काहीही ठरवलेलं नव्हतं. त्याचा स्वतःचा डावा अंगठा फुटला होता आणि पुढे चाललेल्या जोडीदाराच्या पायाचं फडकं लाल झालं होतं.

“ठेवा खाली,” तो म्हणाला.

भोयांनी पालखी वाटेवर ठेवली. एकेकाने पायातले जोडे काढले आणि ते सगळे रस्त्याकडेला दगडांवर बसले. ढोल थांबले.

“काय झालं?” राजाने पडदा सारून विचारलं.

“म्हाराज, आमचे पाय वाईट हाईत,” भोई म्हणाला. “वाईट पायांनी राजाची पालखी न्हेऊ नये. तुमचे पाय चांगले हाईत. तुमी चाला.”

कारभाऱ्याने आसूड उगारला. भोई बसल्या जागेवरून हलले नाहीत. मागे सगळा गाव बघत उभा होता. मुहूर्त टळत चालला होता आणि सीमोल्लंघन घोड्यावरून करायचं, तर राजाला घोड्यावर बसता येत नव्हतं. शेवटी राजा पालखीतून उतरला. त्याच्या पायात जरीचे, सरळसोट, खापरपणजोबांच्या फर्म्यावरचे जोडे होते.

वाटेच्या पहिल्या वळणापर्यंतसुद्धा तो गेला नाही. मधेच थांबला, एक पाय वर धरला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला, “हा जोडा कोणी शिवला?”

एवढ्या पिढ्या गेल्या, एवढी बोटं गेली, पण हा प्रश्न त्या राज्यात पहिल्यांदाच विचारला जात होता.

“जोडा चुकीचा आहे!” राजा म्हणाला आणि त्याने तो झुडपात भिरकावला. मागोमाग दुसराही.

दुरुस्त्या सुऱ्यांची थैली घेऊन तिथेच उभा होता. महाराज, आपली करंगळी बेशिस्त आहे, असं काही तो म्हणाला नाही. तो आभाळाकडे बघत होता. लोकांची बोटं टोपलीभर पडली तरी जो फर्मा जागचा हलला नव्हता, तो राजाला एक फोड आला तर त्याच दिवशी चौरंगावरून उतरला. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी म्हटलं तर मुलांसमोर बरं दिसणार नाही.

कारभाऱ्याने घोड्यावरून उतरून लगेच हात जोडले. “धन्य आहे! महाराजांना केवढी मोठी गोष्ट सुचली!”

सीमोल्लंघन बाजूला ठेवून राजा तसाच अनवाणी, दगड चुकवत, कारभाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत जोडे शिवणाऱ्या बाईच्या दारात आला. मागोमाग सगळी मिरवणूक आली. अंगणात माणसं रांगेने बसली होती. कुणाचं बोट नव्हतं, कुणाची टाच तासलेली, कुणी पाय फडक्यात गुंडाळलेला. भोयाचा जोडीदार राजाच्या आधीच येऊन रांगेत बसला होता, आणि पुढच्या लोकांनी त्याला सरकवत सरकवत बाईजवळ आणलं होतं. रक्त अजून थांबलं नव्हतं म्हणून.

“आमचं माप घे,” राजा म्हणाला. “डावा वेगळा शिव, उजवा वेगळा शिव. आम्हाला आज हे सुचलं आहे. यापुढे राज्यात सगळ्यांना असेच जोडे.”

“तुमाला सुचलं न्हाई,” बाई मान वर न करता म्हणाली. “तुमाला दुखलं.”

“जीभ आवर!” कारभारी खेकसला.

“आवरली हुती की,” आता बाईने वर बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते. “दरबारात आवरली हुती. घरातलं एक बोट वाचलं म्हनून आवरली हुती. त्याचं काय झालं, ते हितं रांगंत बसलंय. बघा.”

राजाने रांगेकडे बघितलं. पालखीतून त्याला लोकांची डोकी दिसत आली होती. पाय तो पहिल्यांदाच बघत होता.

“शेवटाला बसा,” बाई म्हणाली. “तुमची पाळी आली की बघू.”

कारभारी काहीतरी बोलायला गेला, पण राजाने हात वर केला आणि तो खरंच रांगेच्या शेवटाला, एका म्हातारीच्या मागे, जमिनीवर जाऊन बसला. पाय एवढा ठणकत असताना दुसरं काय करणार?

बाईने दोरी उचलली आणि जोडीदाराकडे हात केला. तो संकोचला. डावा पाय त्याने मागे ओढून घेतला, अंगठा नव्हता त्या जागेवर हात झाकला आणि हळूच म्हणाला, “वैनी, पाय जरा बिगडलेला हाय माझा. तुझा जोडा त्याच्यावर नीट बसायचा न्हाई. माफ कर.”

बाई एवढ्या जोरात ओरडली, की रांगेच्या टोकाला राजा दचकला.

“माफी मागतोस? तू? अरं, बोट तुझं ग्येलं, रगात तुझं ग्येलं, आन माफी बी तूच मागतोस? मी शिवला त्यो जोडा! मला ठावं हुतं, आन मी शिवला! शिव्या घाल मला. पर पायाची माफी मागायची न्हाई. माज्या दारात न्हाई, कुनाच्याच दारात न्हाई!”

जोडीदाराला शिवी देता येईना, की पाय पुढे करता येईना. इतकी वर्षं मान खाली घालून काढल्यावर ती एकदम वर कशी होणार? शेवटी बाईनेच त्याचा पाय धरून मांडीवर घेतला, फडकं सोडलं, जखम धुतली आणि मोकळ्या जागेसकट सगळं माप दोरीने नीट घेतलं. अंगठा नव्हता तिथे ती मऊ लोकर भरणार होती. तिचा नवरा शेजारी बसून कातडं भिजवायला लागला. ती दोघं एकमेकांशी अजून बोलत नव्हती.

रांग मोठी होती. राजाची पाळी त्या दिवशी आलीच नाही.

तात्पर्य हवंच असेल तर हे घ्या: जोडा चावला तर आधी जोड्याकडे बघावं, पायाकडे नाही. आणि आपल्या पायातला जोडा चावायचा थांबला, म्हणून शेजाऱ्याच्या पायातलाही थांबला असं समजून गप्प बसू नये.